व्रात्य मुलाची सव्वाशे वर्षे

प्राथमिक शाळेच्या शिक्षक-खोलीत मधल्या सुट्टीत दहा मिनिटे जरी बसलात, तरी दोन-तीन मुलांची नावे हमखास कानांवर पडतील. ही नावे पहिल्या नंबराने पास होणाऱ्या मुलांची नसतात. कोणी आज पुन्हा बाकावरून उडी मारलेली असते, कोणी शेजाऱ्याची वही फाडलेली असते, कोणी बाईंनी नाव घेताच वर्गाबाहेर धूम ठोकलेली असते. मी बरीच वर्षे अध्यापक विद्यालयात शिकवले. विद्यार्थी-शिक्षकांचे सराव पाठ पाहायला गावोगावच्या शाळांत जावे लागे. पाठ संपला, की तक्ता नीट लावला होता का, फलकलेखन कसे झाले, हे विचारायचे सोडून ही विशीतली मुले-मुली मला एकच प्रश्न विचारीत : ‘‘सर, बाकी सगळे जमले, पण त्या एका मुलाचे काय करायचे?’’

‘त्या एका मुला’चा प्रश्न शाळेइतकाच जुना आहे. त्याला निरनिराळ्या काळात मिळालेल्या उत्तरांचाही एक इतिहास आहे. राजांचा आणि तहांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. शाळेचा स्वतःचा इतिहास मात्र शाळेत शिकवला जात नाही. आज मी तो थोडक्यात सांगणार आहे. डॉक्टर, वकील, समाजसेवक आणि शिक्षक अशा अनेकांचा त्यात वाटा आहे. आणि आपल्याकडे घरोघरी ऐकू येणाऱ्या एका म्हणीला त्याने मोठे आव्हान दिले आहे. ती म्हण म्हणजे, ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात.’

पूर्वी अशा मुलासमोर दोनच दारे होती. पहिले दार छडीचे. अंगठे धरून उभे राहणे, कोंबडा करणे, बाकावर उभे राहणे, हातावर वळ उठेपर्यंत छड्या खाणे हे शाळेचे नित्याचेच अंग होते. पालकही ‘हाडे आमची, कातडे तुमचे’ असे सांगून मुलगा पंतोजींच्या हवाली करीत. शाळेत जाणाऱ्याला मार खावाच लागतो, यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मार खाऊनही जो सुधारला नाही, तो शाळा सोडून जाई आणि त्याचे नाव हजेरीपटावरून निघाले, की प्रश्न मिटला असे समजले जाई.

दुसरे दार सुधारशाळेचे. रस्त्यावर भटकणारा, चोरीमारीत सापडलेला मुलगा या दाराने आत जाई. मुंबईत १८५७मध्ये ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. पुढे १८७६चा आणि नंतर १८९७चा सुधारशाळा कायदा आला. कोवळ्या वयाच्या गुन्हेगाराला तुरुंगात डांबण्याऐवजी सुधारशाळेत ठेवून एखादा हुन्नर शिकवावा, हा त्यामागचा विचार. त्या काळाच्या मानाने तो उदार म्हणायला हवा. १९२४मध्ये मुंबई इलाख्यासाठी स्वतंत्र मुलांचा कायदा झाला आणि १९२७मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. पण या दारापर्यंत पोहोचायला मुलाच्या हातून आधी काही गुन्हा तरी घडावा लागे किंवा तो निराधार तरी असावा लागे. ज्याचे आईबाप आहेत, जो रोज शाळेत येतो, पण ज्याच्यामुळे वर्ग चालत नाही, त्याच्यासाठी छडीखेरीज काहीच नव्हते.

तिसरे दार उघडले ते अमेरिकेत, फिलाडेल्फिया शहरात, १८९६मध्ये. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर नावाचे अठ्ठावीस वर्षांचे मानसशास्त्रज्ञ शिकवत होते. त्यांच्या वर्गाला येणाऱ्या एका शाळाशिक्षिकेने त्यांना सरळच गाठले. तिच्या शाळेत चौदा वर्षांचा एक मुलगा होता. बोलण्यात हुशार, पण शब्दलेखन काही केल्या जमत नव्हते. मानसशास्त्र जर खरेच काही कामाचे असेल, तर या मुलाला त्याचा उपयोग व्हायला हवा, असे तिचे म्हणणे. विटमर यांनी मुलाला तपासले, तेव्हा त्याच्या डोळ्यांत दोष निघाला. त्याला चष्मा दिला, पुढे त्याची वेगळी शिकवणीही झाली. त्याच वर्षी विटमर यांनी विद्यापीठात जगातले पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. आता ही गोष्ट वर्तनाची नव्हे, वाचन-लेखनाची; पण तिच्यात पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज आहे. ज्याला आळस किंवा हट्ट म्हटले जाई, त्यामागे दुसरेच काही कारण असू शकते, हे एका शिक्षिकेच्या आग्रहामुळे पुढे आले.

सहा वर्षांनी, १९०२मध्ये, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी तीन व्याख्याने दिली. ब्रिटनमधील बालरोगशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. एका जागी लक्ष न लागणारी, क्षणात संतापणारी, शिक्षेचा काडीइतकाही परिणाम न होणारी मुले त्यांनी वर्णन केली. त्यांपैकी वीसेक मुलांच्या बुद्धीत काहीच उणे नव्हते. त्यांत मुलगे पंधरा आणि मुली पाच. स्टिल यांनी या अवस्थेला दिलेले नाव आज आपल्याला कठोर वाटेल. नैतिक संयमाचा दोष, असे ते म्हणाले. पण चांगल्या घरात, नीट वाढवलेल्या मुलांतही हे दिसते, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले. आज अतिचंचलता आणि अवधानाचा अभाव म्हणून जी अवस्था ओळखली जाते, तिच्या सुरुवातीच्या वैद्यकीय वर्णनांत या व्याख्यानांची गणना होते. मारून उपयोग होत नाही, हे एका डॉक्टराने भर सभेत सांगितले, हे शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचे.

१९०९मध्ये शिकागोत विल्यम हीली यांनी बालन्यायालयाच्या जोडीने एक संस्था उभी केली. न्यायालयापुढे आलेला प्रत्येक मुलगा वेगळा अभ्यासायचा, त्याचे घर, त्याची प्रकृती, त्याची शाळा, सगळे पाहायचे, असा त्यांचा परिपाठ. शेकडो मुले तपासून हीली या निष्कर्षाला आले, की बिघडलेल्या वागण्याला एकच एक कारण कधी नसते. पुढे १९२०च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात बालमार्गदर्शन केंद्रे निघाली. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक असे तिघे मिळून मुलाचा विचार करीत. व्हिएन्नात आल्फ्रेड अ‍ॅडलर यांनी तर शाळांच्याच जोडीने अशी केंद्रे चालवली. पालक आणि शिक्षक समोर बसलेले असत आणि त्यांच्यादेखत मुलाशी बोलणे होई. ‘वाईट’ वागणारे मूल हे बहुधा धीर खचलेले मूल असते, हा अ‍ॅडलर यांचा सिद्धांत. १९३४मध्ये ऑस्ट्रियात सत्ताबदलानंतर ही केंद्रे बंद पडली.

ही लाट आपल्याकडे यायला फार वेळ लागला नाही. १९३६मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. हीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकेहून आलेले, नागपाड्याच्या कामगार वस्तीत काम करणारे गृहस्थ. दुसऱ्याच वर्षी, १९३७मध्ये, या संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र काढले. भारतातले ते पहिले केंद्र मानले जाते. मुंबईच्या चाळीतला मुलगा वर्गात मारामारी करतो, त्याचे काय करावे, यावर छडी न उगारता विचार करणारी एक जागा या देशात प्रथमच तयार झाली.

हे तिसरे दार मोलाचे खरे; पण ते फार अरुंद होते आणि आजही आहे. मुलाला शाळेतून उचलून केंद्रात न्यायचे, तिथे त्याची तपासणी करायची आणि पुन्हा शाळेत आणून सोडायचे. केंद्रे मोजकी, तीही मोठ्या शहरांत. आणि मूल परत येते ते त्याच वर्गात, त्याच बाकावर, त्याच टोपणनावासह. केंद्रात मुलाचा विचार झाला. वर्गाचा विचार कोणी केला?

वर्गाचा विचार करणारे लोक दुसऱ्याच वाटेने निघाले होते आणि त्यांतले एक आपल्या शेजारीच होते. गुजरातेतील गिजुभाई बधेका पेशाने वकील. १९१६मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२०मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केले. माँटेसरीबाईंचे विचार त्यांनी आपल्या मातीत रुजवले. मुलांत इतके रमले, की लोक त्यांना ‘मिशीवाली आई’ म्हणू लागले. १९३०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ‘दिवास्वप्न’ नावाचे छोटेसे पुस्तक लिहिले. ती आहे काल्पनिक कथाच. पण तिच्यातला वर्ग अगदी खरा आहे. एक उत्साही शिक्षक अधिकाऱ्याची परवानगी काढून चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी तो मोठ्या तयारीने शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि पोरे त्याची पार दाणादाण उडवतात. कोणी मांजराचा आवाज काढतो, कोणी टेबल बडवतो. दुसऱ्या दिवशी तो उपदेश करत नाही, छडीही काढत नाही. तो गोष्ट सांगायला बसतो. आणि कालचीच पोरे चिडीचूप होतात.

या कथेतली मुले रात्रीत बदललेली नाहीत. फक्त त्यांच्यासमोर मांडलेले काम बदलले आहे. गिजुभाईंचे म्हणणे असे, की पोरांचा दंगा हा पुष्कळदा शिकवण्यावरचा शेरा असतो.

तारा मोडक म्हणजे आपल्या ताराबाई. १९२३च्या सुमारास त्या गिजुभाईंबरोबर भावनगरला काम करू लागल्या. तो विचार त्यांनी महाराष्ट्रात आणला. १९२६मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, १९४५मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला केंद्र निघाले आणि १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ. तिथली वारली मुले शाळेत टिकत नव्हती. पळून जात, दिवसदिवस रानात असत. त्यांना उनाड, आडमुठी ठरवणे सोपे होते. या दोघींनी उलट विचार केला. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने मुलाकडे का जाऊ नये? अंगणवाडी पाड्यात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरू लागली; तिचे नावच कुरणशाळा पडले. ज्याला आपण मुलाचा दोष म्हणत होतो, तो शाळेच्या वेळेचा आणि जागेचा दोष होता. आज हा परिसर पालघर जिल्ह्यात येतो आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला आहे.

गिजुभाई आणि ताराबाई यांना जे अनुभवाने उमगले, ते मोजून दाखवण्याचे काम पुढे अमेरिकेत झाले. १९६८मध्ये इलिनॉय विद्यापीठातील वेस्ली बेकर, चार्ल्स मॅडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात बसून एक साधी गोष्ट मोजली. मुले जागेवरून किती वेळा उठतात आणि बाई ‘खाली बस’ किती वेळा म्हणतात. मग बाईंना त्यांनी ‘खाली बस’ जास्त वेळा म्हणायला सांगितले. झाले काय, तर मुलांचे उठणे वाढले! ज्याला दटावले तो मूल तेवढ्यापुरता बसे; पण एकूण वर्गात उभी राहणारी मुले वाढत गेली. उलट जी मुले बसून काम करीत आहेत त्यांना बाई शाबासकी देऊ लागल्या, तेव्हा उठणे कमी झाले. कारण उघड आहे. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात बाईंचे लक्ष ही सर्वांत दुर्मीळ वस्तू. उभे राहिले की ती मिळते, हे मुलाला कळले, की ते उभे राहणारच. आपण ज्याला शिक्षा समजतो, ते मुलाच्या हिशेबात बक्षीस असू शकते. याच मंडळींच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसले, की नुसते नियम फळ्यावर लिहून टांगल्याने काहीच फरक पडत नाही.

आता मी ज्या घटनेकडे तुम्हाला आणू पाहत होतो, ती सांगतो. कॅन्सस राज्यात बाल्डविन सिटी नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या चौथीच्या वर्गात म्युरिएल साँडर्स या शिक्षिका शिकवत होत्या. गिजुभाईंच्या कथेतही चौथीच, इथेही चौथीच. वर्गात २४ मुले. त्यांतली सात जण पुन्हापुन्हा मुख्याध्यापकांकडे पाठवली गेलेली. साँडर्स कॅन्सस विद्यापीठाच्या मंडळींच्या संपर्कात होत्या. माँट्रोज वुल्फ आणि हॅरिएट बॅरिश यांच्याबरोबर त्यांनी वर्गात एक खेळ सुरू केला आणि १९६९मध्ये त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. खेळाचे नाव ‘गुड बिहेवियर गेम’. आपण त्याला सद्वर्तनाचा खेळ म्हणू.

खेळ अगदी सोपा. वर्गाचे दोन गट करायचे. गणिताच्या तासाला परवानगीवाचून जागा सोडली किंवा मध्येच बोलले, की त्या मुलाच्या गटाच्या नावाखाली फळ्यावर एक खूण. ज्या गटाच्या खुणा कमी, तो गट जिंकला. पण मेख पुढे आहे. खुणा पाचांच्या वर गेल्या नाहीत, तर दोन्ही गट जिंकत. म्हणजे समोरच्याला हरवण्याची गरजच नव्हती. बक्षीसही खर्चिक नव्हते. छातीवर लावायची पट्टी, तक्त्यावर एक तारा, जेवणाच्या रांगेत पहिला नंबर आणि दिवस संपताना अर्धा तास आवडीच्या कामासाठी मोकळा.

वर्गात बसलेले निरीक्षक दर मिनिटाला नोंद करीत होते. खेळाआधी शंभरातल्या सुमारे ९६ मिनिटांत कोणी ना कोणी मध्ये बोलत असे आणि ८२ मिनिटांत कोणी ना कोणी जागेवरून उठलेले असे. खेळ सुरू झाल्यावर हे आकडे १९ आणि ९ इतके खाली आले. वाचनाच्या तासाला तेव्हा खेळ नव्हता. तिथे तीच मुले, त्याच बाई, तोच दंगा! मग गणिताला खेळ थांबवला आणि वाचनाला सुरू केला. दंगा गणिताच्या तासाला परत आला आणि वाचनाच्या तासातून निघून गेला. शेवटी दोन्ही तासांना खेळ सुरू केला, तेव्हा दोन्ही तास सुधारले. एकच मूल दहा वाजता द्वाड आणि अकरा वाजता शहाणे असेल, तर द्वाडपणा त्याच्या हाडामांसी खिळलेला आहे असे कसे म्हणायचे?

दोन मुलांनी मात्र आपण हा खेळ खेळणार नाही म्हणून जाहीर केले आणि मुद्दाम खुणा ओढवून घेऊ लागली. त्यांच्यापायी सगळा गट हरू नये म्हणून बाईंनी त्यांचा हिशेब गटापासून वेगळा केला. या दोन मुलांची नोंद त्या निबंधात आहे, याचे मला कौतुक वाटते. कोणताही उपाय प्रत्येक मुलाला लागू पडत नाही. शिवाय गटाचा दबाव एखाद्या दुबळ्या मुलावर येऊ शकतो, हा या खेळावरचा आक्षेपही रास्त आहे. ते सांभाळायला वर्गात शहाणी व्यक्ती हवीच.

एका वर्गातला हा प्रयोग पुढे एका शहराने हाती घेतला. मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहरात शेपर्ड केलम नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी शिक्षण खात्याच्या मदतीने १९८५-८६ या वर्षी १९ शाळांतले पहिलीचे ४१ वर्ग निवडले. वस्त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या आणि कष्टकऱ्यांच्या. शांत, दंगेखोर अशी सगळ्या प्रकारची मुले प्रत्येक वर्गात सारखी वाटली. काही वर्गांत खेळ, काही वर्गांत नेहमीसारखे शिकवणे. गटही असे पाडले, की प्रत्येकात लाजाळू मुले आणि मारकुटी मुले दोन्ही असावीत. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, दहा-दहा मिनिटे खेळ. मग हळूहळू वेळ वाढवला, आगाऊ न सांगता खेळ घेतला. बक्षिसेही आधी चिकटचित्रे, खोडरबर अशी. नंतर गोष्ट ऐकायला मिळणे, थोडा वेळ मोकळा मिळणे अशी.

मग संशोधकांनी जे केले, ते फार थोडे लोक करतात. ते थांबले. ही मुले १९ ते २१ वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला आणि २००८मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिलीत जे मुलगे सर्वांत दंगेखोर होते, त्यांच्यात फरक ठळक होता. खेळाच्या वर्गात बसलेले मुलगे तरुणपणी अमली पदार्थांच्या आहारी कमी गेले आणि त्यांच्यात समाजविघातक वर्तनाचा विकारही कमी आढळला. मुळातच शांत असलेल्या मुलांच्या बाबतीत फरक फारसा नव्हता. पहिलीतल्या एका वर्षाचा परिणाम विसाव्या वर्षी दिसावा, ही साधी गोष्ट नाही.

याच प्रकल्पातला आणखी एक निष्कर्ष १९९८मध्ये प्रसिद्ध झाला होता. तो मला त्याहूनही महत्त्वाचा वाटतो. पहिलीत सारखेच दंगेखोर असलेले दोन मुलगे घ्या. एक शिस्तीच्या, चालत्या वर्गात बसला. दुसरा गोंधळाच्या वर्गात. काही वर्षांनी, सहावीत पाहिले तर दुसऱ्याचे वागणे कितीतरी अधिक बिघडलेले. पाय पाळण्यात दिसत असतीलही. पण ते कोणत्या वाटेने चालतील, हे पहिलीच्या वर्गात ठरत होते.

आता यश सांगितले, तसे अपयशही सांगायला हवे. बाल्टिमोरमध्ये पुढच्या वर्षी त्याच शिक्षकांनी पहिलीच्या नव्या मुलांबरोबर हाच खेळ घेतला. त्या तुकडीत परिणाम फिका पडला. पहिल्या वर्षी शिक्षकांना सुमारे ४० तासांचे प्रशिक्षण होते आणि वर्षभर मदतीला माणूस वर्गात येई. दुसऱ्या वर्षी ती साथ पातळ झाली होती. इंग्लंडमध्ये ७७ प्राथमिक शाळांत याच खेळाची मोठी चाचणी झाली, तिचा अहवाल २०१८मध्ये आला. मुलांच्या वाचनात किंवा वागण्यात एकूण फरक दिसला नाही. ठरल्याइतका वेळ खेळ घेतलाच जात नव्हता आणि काही शाळांनी तो मध्येच सोडून दिला होता. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये मात्र चांगले अनुभव आले. तेव्हा हा खेळ म्हणजे काही रामबाण औषध नव्हे. जिथे शिक्षकाला कोणाची साथ होती, तिथे तो चालला. जिथे शिक्षकाच्या हाती नुसती पुस्तिका ठेवली, तिथे त्याची धार गेली.

श्रोतेहो, आपल्या देशात या काळात काय घडले? दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०००मध्ये शाळेतल्या शारीरिक शिक्षेविरुद्ध निकाल दिला. १ एप्रिल २०१०पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने, त्याच्या कलम १७नुसार, मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, असेही हा कायदा सांगतो. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत आणि अंगणवाड्यांत तपासणी करू लागली. दृष्टी, श्रवण, वाचन-लेखनातल्या अडचणी, अतिचंचलता या सगळ्यांचा त्यांच्या यादीत समावेश आहे. विटमर यांच्याकडे मुलाला घेऊन गेलेल्या त्या शिक्षिकेला हे पाहून समाधान वाटले असते.

म्हणजे कायद्याने पहिले दार बंद केले, हे योग्यच झाले. पण छडी काढून घेतली, तेव्हा शिक्षकाच्या हाती दुसरे काय दिले? पुष्कळ शाळांत याचे उत्तर, ‘काही नाही’ असेच आहे. छडी गेली, तिच्या जागी वर्गाबाहेर उभे करणे आले, सगळ्यांसमोर टोमणे मारणे आले, पालकांना बोलावून मुलादेखत त्याची लाज काढणे आले. हे कायद्यातही बसत नाही आणि याचा उपयोगही होत नाही. शिक्षकांवर राग काढण्यात अर्थ नाही. एकाच खोलीत दोन इयत्ता सांभाळणाऱ्या बाईंना कोणी कधी हे दाखवलेलेच नसते, की दुसरे काही करता येते.

या सव्वाशे वर्षांच्या इतिहासातून चार गोष्टी मात्र कोणत्याही शाळेला, पैसा न लागता, घेता येतील. पहिली : मुलाला नाव ठेवण्याआधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत, उपाशीपोटी येतो का, रात्री झोपतो का, तेही विचारावे. दुसरी : दंगा कधी होतो, त्याच्या आधी काय घडले आणि नंतर त्याला काय मिळाले, याची आठ-पंधरा दिवस वहीत नोंद ठेवावी. गणितालाच होतो, की शेवटच्या तासाला? निम्मे उत्तर त्या वहीतच सापडते. तिसरी : तो नीट बसलेला असतो ते क्षण टिपावेत आणि तेव्हा त्याला शाबासकी द्यावी; दिवसात असे क्षण असतातच, फक्त तेव्हा आपण हुश्श करून दुसरीकडे पाहत असतो. चौथी : नियम दोन-तीनच असावेत, ते मुलांबरोबर बसून ठरवावेत आणि जिंकण्याची संधी सगळ्यांना असावी.

एवढे करूनही काही मुले उरतील. त्यांना डॉक्टरांची, समुपदेशकांची गरज असेल. ती द्यायलाच हवी आणि त्यात कमीपणा मानू नये. पालकांनाही मी सांगेन, की शाळेतून बोलावणे आले तर मुलाला घरी नेऊन बडवू नका. बाईंबरोबर बसून ती नोंदवही पाहा.

आणि एक विनंती मुख्याध्यापकांना. जून महिन्यात वर्गवाटप होते, तेव्हा वरच्या वर्गांना तोलामोलाचे शिक्षक दिले जातात. त्या वर्गांत शिष्यवृत्तीची परीक्षा असते, तिथे शाळेचे नाव होते. पहिली मात्र बहुधा जो नवा असेल किंवा जो नाही म्हणू शकत नसेल त्याच्या वाट्याला येते. बाल्टिमोरच्या त्या ४१ वर्गांचा धडा याच्या नेमका उलट आहे. पहिलीचा वर्ग कोणाकडे द्यायचा, हा शाळेच्या वर्षातला सर्वांत मोठा निर्णय आहे. तो वर्ग तुमच्या सर्वांत कसलेल्या शिक्षकाला द्या आणि वर्षभर त्याच्या पाठीशी उभे राहा. त्या वर्गातल्या हूड मुलाला विसाव्या वर्षी त्याचा उपयोग झालेला असेल. त्याला स्वतःला ते कदाचित कधी कळणारही नाही. पण त्याच्या आईला मात्र कळलेले असेल.